पीप साइट तळाला टेकली तरी गोळी वरच? मागचं सोडा, पुढची माशी मोजा

तुमचा प्रश्न वाचला आणि माझं जुनं दुखणं वर आलं. तुम्ही रायफलच्या बॅरलवरची खाचेची साइट काढली, रिसीव्हरवर (बॅरलच्या मागचा, बोल्ट ज्यात मागेपुढे सरकतो तो भाग) पीप साइट, म्हणजे भोकातून बघून नेम धरायची मागची साइट बसवली, तिला पार तळाला टेकवलं, तरी शंभर मीटरवर गोळ्या वीतभर वरच. काडतुसं बदलली, बेंचवर टेकून मारलं, फरक शून्य. म्हणजे तुमच्या नेमात खोट नाही आणि बॅरलही वाकलेली नाही. पुढची माशी, म्हणजे नळीच्या तोंडाजवळची साइट, बुटकी पडतेय, एवढंच.

रायफल रिकामी आहे ना, साइटचे स्क्रू आवळलेत ना, हे तुम्ही पाहिलं असणारच, त्यात शिरत नाही.

कारखान्यातून आलेली माशी बॅरलवरच्या खाचेशी जुळवलेली असते आणि ती खाच बॅरलला अगदी चिकटून असते. रिसीव्हरवरची साइट तळाला नेली तरी तिचं भोक त्या खाचेपेक्षा वर राहतं. त्या भोकातून जुनी बुटकी माशी दिसावी म्हणून आपण नकळत नळीचं तोंड उचलतो. मग गोळी वर जाणारच.

आता ज्याने माझं सगळ्यात जास्त नुकसान केलं ते ऐका. मी रायफल एका दुरुस्तीवाल्याकडे दिली, नाव घेत नाही. ‘गोळी वर जाते, माशी उंच हवी’ असं चिठ्ठीवर लिहून दिलं होतं. परत आली तेव्हा माशीचा माथा कानसून चकचकीत केलेला! काउंटरवरच्या गृहस्थांचं म्हणणं, ‘गोळी खाली आणायचीय ना, मग माशी खाली केली.’ मागच्या साइटला हा हिशोब लागू पडतो, ती गोळी न्यायची तिकडेच सरकवायची. पुढच्या माशीचं नेमकं उलटं. ती उंच केली की गोळी खाली, बुटकी केली की वर. बंदुका दुरुस्त करून पोट भरणाऱ्याला हे सांगावं लागतं? गोळ्या आणखी वर जायला लागल्यावर त्यांनी दुसरा इलाज सुचवला, साइटचा पाया जिथे टेकतो तिथे रिसीव्हरच कानसू म्हणाले. रायफल उचलून घरी आणली. वर बिलात ‘साइट जुळवणी’ लावलेली होतीच.

तेव्हा माशी मागवण्याआधी गणित करा. गोळी जितकी वर लागते त्याला दोन्ही साइटमधल्या अंतराने गुणा आणि लक्ष्याच्या अंतराने भागा, सगळं मिलिमीटरमध्ये. समजा दोन साइटमध्ये 650 मि.मी. आहेत आणि 100 मीटरवर गोळी 200 मि.मी. वर लागतेय. 200 गुणिले 650, भागिले 1,00,000, म्हणजे 1.3 मि.मी. एवढ्याने माशी उंच हवी. पण नेमकी 1.3 ने उंच घेऊ नका. मागची साइट तळालाच राहील आणि उद्या दुसरं काडतूस वर मारायला लागलं तर खाली जायला जागा उरणार नाही. मी या उदाहरणात 2 मि.मी. ने उंच घेईन. मागची साइट तळापासून 0.7 मि.मी. वर येईल, दोन्हीकडे वाव राहील. पाव मिनिटाच्या क्लिकची साइट असेल (मिनिट म्हणजे कोनाचं, अंशाचा साठावा भाग) तर 100 मीटरवर एका क्लिकला गोळी साधारण 7 मि.मी. सरकते, बारीक जुळवणी तिथेच होते.

विकणाऱ्याला एक विचाराच, सांगितलेली उंची पायासकट आहे की पायाच्या वरची? इथे हमखास घोळ होतो.

माझं मत विचाराल तर मण्याची (टोकाला गोल मणी असलेली) माशी टाळा, सपाट माथ्याची पट्टी घ्या. थोडी जास्त उंच निघाली तर कानसून बेतता येते, मणी कानसला की संपला. शिवाय पितळी मण्यावर एका बाजूने ऊन पडलं की तेवढीच बाजू चमकते आणि नेम सरकतो. ज्यांना मणी आवडतो त्यांच्याशी वाद नाही.

जुनी माशी खोबणीत बसवलेली असेल तर पितळी किंवा नायलॉनच्या ठोकणीनेच हलवा. बऱ्याच रायफलींवर ती उजवीकडून आत येते आणि डावीकडून उजवीकडे निघते, पण अपवाद आहेत. जोर लावण्याआधी खोबण कोणत्या बाजूला रुंद आहे ते मोजा. रॅम्प, म्हणजे माशीखालचा उतरता पाया, बॅरलला डाखाने जोडलेला असेल किंवा रिसीव्हरला नवी भोकं पाडायची असतील तर स्वतः हात घालू नका. मी गनस्मिथ नाही, माझं ऐकून ड्रिल चालवू नका.

पीप साइटच्या कड्यात बसणारी बारीक भोकाची चकती कागदावर झीरो करायला, म्हणजे नेम आणि गोळी जुळवायला ठेवा. शिकारीला, विशेषतः संध्याकाळच्या उजेडात, ती काढून नुसतं मोठं कडं वापरा. कडं धूसर दिसतं म्हणून घाबरू नका, त्याच्याकडे बघायचंच नाही. नजर माशीवर, मध्य डोळा आपोआप गाठतो. फक्त धक्का जोरात देणारी रायफल असेल तर कडं भुवईच्या फार जवळ आणू नका.

आणि साइटचा पाया आवळल्यावर रायफलचा बोल्ट मागेपुढे करून बघा. कुठे अडखळला तर बहुधा स्क्रू लांब आहे, त्याचं टोक आत बोल्टला घासतंय. तो बाहेर काढून टोक जरा कमी करा, पुन्हा बसवून बघा. बोल्ट सुरळीत फिरला की मगच स्क्रू आणि भोक तेलमुक्त करून निळं थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ न देणारा चिकट द्रव) लावा.