कायमच्या पॉइंटवर आपलाच गार्ड ठेवा

भाऊ, तुमचा प्रश्न असा: तुमच्या सिक्युरिटी एजन्सीच्या पगारपत्रकावर चाळीस गार्ड आहेत, नागपूरजवळच्या बुटीबोरीतल्या गोदामाचं 8 पॉइंटांचं (म्हणजे गार्ड उभा करायच्या 8 जागांचं) चोवीस तासांचं काम मिळतंय, 10 दिवसांत सुरू करायचं आहे आणि ओळखीची एक एजन्सी माणसं द्यायला तयार आहे. घ्यायची का?

माझं मत स्पष्ट आहे. कायमच्या पॉइंटवर आपलाच माणूस हवा. बाहेरचा घ्यायचा तर ठरावीक दिवसांपुरता, तोही कागद तपासून.

आधी माणसं नीट मोजा. 8 पॉइंट, 3 पाळ्या, म्हणून तुम्ही 24 धरले. पण एका पॉइंटच्या आठवड्यात 21 पाळ्या होतात आणि साप्ताहिक सुट्टी धरून एक माणूस 6 करतो. म्हणजे पॉइंटला साडेतीन, एकूण 28. हे वरचे 4 रिलीव्हर, म्हणजे सुट्टीवाल्याच्या जागी उभे राहणारे, दरात धरलेले नसले की कोणाच्या तरी माथी डबल ड्युटी येते. स्वस्त दर देणारी एजन्सी बहुतेक वेळा इथेच पैसे वाचवते. शिवाय भंडारा-गोंदियाकडची पोरं जुलैत भाताची रोवणी लागली की गावी जाणारच. त्यांना अडवू नका, बदली माणूस आधीच बघून ठेवा.

हिंगणा एमआयडीसीतल्या एका साईटवर मी असेच 6 गार्ड बाहेरून घेतले होते. एकदा रात्री अडीचला राउंडला गेलो. मागच्या गेटवरचा पोरगा खुर्चीत बसल्या बसल्या झोपलेला. रजिस्टर उघडलं तर सकाळी 6 पर्यंतच्या सगळ्या सह्या आधीच करून ठेवलेल्या. ओळखपत्रावरचं नाव दुसऱ्याचंच. आदल्या सकाळपासून तो ड्युटीवर होता, जेवला नव्हता. त्याला रागावायला माझं तोंड उठलं नाही. पुढच्या महिन्यात तिथून केबल चोरीला गेली, नुकसान माझ्या बिलातून कापलं गेलं. त्या एजन्सीने त्या पोरांचा पीएफ भरलाच नव्हता, तोही शेवटी माझ्याच गळ्यात आला. कंत्राटदाराने नाही भरला तर मूळ मालकाकडून, म्हणजे त्याला काम देणाऱ्याकडून, वसूल होतो, हे तेव्हा नीट कळलं.

बाहेरून माणसं घेण्याचा मोह होतो तो पैशांच्या फिरण्यामुळे. गोदामवाला बिल दीड-दोन महिन्यांनी देणार आणि पगार 7 तारखेच्या आत द्यायचा. 28 जणांचे दोन महिन्यांचे पगार हाताशी नसतील तर काम अर्धंच घ्या. आणि एक गोष्ट हिशोबात धरा: पुरवणारी एजन्सी मालकीची किंवा भागीदारीची असेल, कंपनी नसेल, तर 1 जानेवारी 2019 पासून तिच्या बिलावरचा 18 टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जने तुम्हालाच रोखीत भरावा लागतो. क्रेडिट मिळतं, म्हणजे नंतर तुमच्या जीएसटीतून तेवढे वजा होतात, पण आधी खिशातून जातात.

आता 10 दिवसांचं. नवीन पोरगा इतक्यात तयार होत नाही. 2005 च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखालच्या केंद्राच्या आदर्श नियमांत 160 तासांचं प्रशिक्षण आहे, किमान 20 कामाचे दिवस. माजी सैनिक आणि माजी पोलिसांना मात्र 56 तास, किमान 7 दिवस. कामठीला लष्कराच्या गार्ड्स रेजिमेंटचं केंद्र आहे, त्या भागात निवृत्त जवान बरेच राहतात. आजच तिकडे फिरा. चारित्र्य पडताळणीचे अर्जही लगेच टाका. नियमांप्रमाणे 15 गार्डमागे एक सुपरवायझर लागतो, म्हणजे इथे दोन. ते दोघं तुमचे जुने, विश्वासातले असू द्या.

तरीही कमी पडले तर गोदामवाल्याला सांगा: पहिल्या दिवसापासून 5 पॉइंट आमचे, उरलेल्या 3 वर दोन महिने दुसऱ्या एजन्सीचे. गोदामवाल्याची लेखी परवानगी घ्या. त्या एजन्सीचा परवाना स्वतः बघा. दर महिन्याला पीएफचं चलान आणि त्यासोबतची नावांची यादी मागा आणि हजेरीशी एकेक नाव ताडून बघा. यादी आल्याशिवाय बिल सोडू नका. लग्न, क्रिकेट सामना, दीक्षाभूमीची गर्दी अशा दोन-चार दिवसांच्या कामाला बाहेरची माणसं बिनधास्त घ्या, मीही घेतो.

करार करण्याआधी त्या एजन्सीच्या चालू साईटवर रात्री दोननंतर एक चक्कर मारा. गार्डला एवढंच विचारा: साप्ताहिक सुट्टी कधी मिळाली होती, आणि पगार बँकेत येतो की हातात?