कॉलेजमध्ये एनएसएस केल्याने माणूस खरंच बदलतो का, की सगळे फक्त मार्कांसाठीच करतात?

तू लिहिलंयस की ठाण्यातल्या कॉलेजला एफवायबीएला, म्हणजे बीएच्या पहिल्या वर्षाला ॲडमिशन घेतलीयस, एनएसएसचा (राष्ट्रीय सेवा योजनेचा) फॉर्म भरावासा वाटतोय, पण घरचे म्हणतायत अभ्यास सोडून हे नसते उद्योग कशाला, आणि सीनियर म्हणतायत की मार्क मिळतात म्हणून करायचं, बाकी त्यात काही नसतं. मी कळव्याची, ठाण्यातल्याच एका कॉलेजातून 2016 ते 2019 मध्ये बीए केलं आणि त्यातली दोन वर्षं एनएसएसला होते, तर मला जे वाटतं ते सांगते.

मार्कांचं आधी सांगून टाकते. दोन वर्षांत 240 तास भरायचे, म्हणजे वर्षाला 120, आणि शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर. आमच्या वेळी मुंबई विद्यापीठात त्याचे 10 ग्रेस मार्क मिळायचे. आता नव्या शैक्षणिक धोरणात एनएसएस हा सहअभ्यासक्रमाचा भाग झालाय, त्याचे क्रेडिट असतात, ते नेमकं कसं ते तुझ्या कॉलेजच्या पीओ (एनएसएसचे प्रोग्राम ऑफिसर) सरांना नाहीतर मॅडमना विचार. मार्कांसाठी फॉर्म भरला तर काही पाप नाही, माझ्या बॅचला निम्म्याहून जास्त जण त्यासाठीच आले होते आणि त्यातलेच काही जण नंतर सगळ्यात जास्त राबले.

बदल होतो का, तर हो, होतो. पण नुसता फॉर्म भरून, रॅलीत बॅनर धरून, ग्रुप फोटोत उभं राहून होत नाही, हे मी तुला छातीठोकपणे सांगते कारण पहिले सहा महिने मी तेच केलं आणि माझ्यात काडीचा फरक पडला नव्हता. फरक कधी पडला, तर दुसऱ्याचं काहीतरी खरोखरीचं माझ्या हातात आलं तेव्हा, म्हणजे मी चुकले तर नुकसान माझं नाही, समोरच्याचं होणार असं काम आलं तेव्हा.

ते काम म्हणजे लेखनिक. आमच्या युनिटच्या ग्रुपवर एकदा मेसेज आला की टीवायबीएच्या, म्हणजे तिसऱ्या वर्षाच्या एका अंध विद्यार्थिनीला परीक्षेसाठी लेखनिक पाहिजे, कोण तयार आहे. मी एसवायला (दुसऱ्या वर्षाला) होते, अक्षर बरं होतं, नाव दिलं. मला वाटलं त्यात काय, ती सांगणार आणि आपण लिहायचं. सेंटर दादरच्या बाजूला होतं. कळव्याला फास्ट गाड्या थांबत नाहीत, स्लोने ठाण्याला यायचं आणि तिथे फास्ट पकडायची. मी नेहमी कॉलेजला जाताना जसा हिशोब करायचे तसाच केला, म्हणजे अगदी मिनिटाला मिनिट जोडून, आणि त्या दिवशी गाड्या पंधरा-वीस मिनिटं मागे होत्या. मी वर्गात पोचले तेव्हा पेपर सुरू होऊन बारा मिनिटं झाली होती. ती ताई बाकावर बसलेली, समोर कोरी उत्तरपत्रिका, हात मांडीवर. सुपरवायझर मॅडम दारात उभ्या. तिने फक्त विचारलं, "आलीस ना? बस, पाणी पी, मग सुरू करू." मला ओरडली असती तर बरं झालं असतं असं वाटलं मला.

अंध विद्यार्थ्यांना तासाला कमीत कमी 20 मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तासांचा होतो, पण ऐकायला सोपं वाटतं तेवढं ते नसतं कारण प्रश्न वाचून दाखवायचा, तिने मनात उत्तर जुळवायचं, मग सांगायचं, मग मी लिहायचं, मग ती म्हणणार मागचं वाक्य वाच, यात वेळ भराभर जातो. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर अर्धं राहिलं. ते अर्धं उत्तर म्हणजे माझीच बारा मिनिटं होती, ते तिलाही कळत होतं आणि मलाही. बाहेर पडल्यावर ती म्हणाली, "पुढच्या पेपरला एक गाडी आधीची पकडशील का?" बास, एवढंच. तोपर्यंत मी क्लासला उशिरा, लग्नाला उशिरा, मैत्रिणींना भेटायला उशिरा, आणि आईने कितीही सांगितलं तरी कानाआड. त्यानंतर आजतागायत मी कोणाला ताटकळत ठेवलेलं नाही.

तिसऱ्या पेपरला जे झालं ते मला जास्त लक्षात आहे. पेपर इतिहासाचा, आधुनिक महाराष्ट्राचा. ती सांगत होती, महात्मा जोतीराव फुले यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना 1875 मध्ये केली. आणि माझं पेन थांबलं. कारण सत्यशोधक समाज 24 सप्टेंबर 1873 चा, पुण्याचा, हे मला पक्कं माहीत होतं. (24 सप्टेंबर लक्षात राहायचं कारण म्हणजे एनएसएस डे पण तोच, 1969 साली गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी योजना त्याच तारखेला सुरू झाली, 37 विद्यापीठं आणि 40 हजार विद्यार्थी घेऊन.) तिने 1875 सांगितलं कारण आर्य समाज मुंबईत 1875 ला स्थापन झाला, पुढचा प्रश्न त्याच्यावर होता आणि दोन सालं डोक्यात एकमेकांत गेली होती. मी काहीच बोलले नाही, बोलायचं नसतंच, पण पेन दोन सेकंद उचललेलं राहिलं.

ती गप्प झाली आणि मग हळू आवाजात म्हणाली, "1875 लिही." मी लिहिलं. पेपर संपल्यावर जिन्यात मला म्हणाली, "तुझं पेन थांबलं की मला ऐकू येतं. तू थांबलीस म्हणजे साल चुकलंय हे मला कळलं. पण तेव्हा बदललं असतं तर ते तुझं उत्तर झालं असतं." मला काय बोलावं तेच सुचेना. मी तिथे मदत करायला गेले होते, तिच्यावर उपकार करतेय अशी एक भावना कुठेतरी मनात होती, ती त्या जिन्यात गळून पडली. तिला माझे हात हवे होते, डोकं नाही, डोकं तिचं स्वतःचं होतं. माझ्या घरात मी थोरली, धाकट्या भावाचं वाक्य मी पूर्ण करायचे, मैत्रीण काही सांगायला लागली की मधेच म्हणायचे अगं मला माहितीय पुढे काय झालं असेल ते. त्या पेपरनंतर मी समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबायला शिकले, आणि आज मी ज्या ऑफिसात काम करते तिथे लोक माझ्याकडे येऊन बोलतात त्याचं कारण हेच आहे असं मला मनापासून वाटतं.

पुढे मी तिला पुस्तकांचे धडे फोनवर रेकॉर्ड करून पाठवायला लागले. त्यातही एक शिक्षण होतं. सलग वाचत गेलं तर ऐकणाऱ्याला परिच्छेद कुठे संपला कळत नाही, म्हणून थांबावं लागतं, कंस सुरू, कंस पूर्ण असं म्हणावं लागतं, परदेशी नाव आलं की एकेक अक्षर फोडून सांगावं लागतं, तक्ता असेल तर आधी किती रांगा किती रकाने ते सांगायचं मग आडवं वाचत जायचं. एका धड्याला दोन-दोन तास लागायचे कारण खाली भाजीवाला ओरडला की परत पहिल्यापासून. वर्गात उभं राहून दोन वाक्यं बोलायला मी आधी थरथरायचे, पण वर्षभर मोठ्याने वाचून वाचून आवाज मोकळा झाला, आणि टीवायला आमच्या पथनाट्यात सूत्रधार मीच होते, तेही ठाणे स्टेशनबाहेर संध्याकाळी सहा वाजता, जिथे कोणी कोणासाठी थांबत नाही.

शिबिराचं पण सांगते. आमचं डिसेंबरात झालं, शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर. तानसा आणि भातसा ही दोन्ही धरणं याच तालुक्यात, आपण मुंबई-ठाण्यात नळ सोडला की त्यांचंच पाणी येतं, आणि तिथल्याच पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. हे मी वर्तमानपत्रात वाचलं होतं, पण एका मावशीबरोबर तिच्या विहिरीपर्यंत चालत गेले तेव्हा ते मला समजलं. आम्ही तिथे नाल्यावर वनराई बंधारा घातला. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, तोंड सुतळीने शिवायचं आणि प्रवाहाला आडव्या रचायच्या. आम्ही जोरात येऊन गोण्या गच्च भरल्या, तर त्या उचलेनात, आणि रचल्या तर गोल गोल राहून मधे फटी. त्या मावशीने न बोलता आमची एक गोणी रिकामी केली, पाऊणच भरली, शिवली आणि पायाने दाबून चपटी बसवली. मग कळलं. दोन ओळी, मधे चिकणमाती ठासायची, आणि वरच्या गोणीचा सांधा खालच्या गोणीच्या मधोमध यायला पाहिजे, विटा लावतात तसा. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघितलं तर घोट्याएवढ्या पाण्याच्या जागी गुडघाभर पाणी साठलेलं. एवढा आनंद मला बारावीच्या निकालाला झाला नव्हता.

पण पुढचंही ऐक. गोण्यांचा बंधारा पक्का नसतो, पावसाळ्यात वाहून जातो, दरवर्षी पाऊस संपला की नव्याने घालावा लागतो. पुढच्या वर्षी शिबिराचं गाव बदललं आणि त्या पाड्यावर आमच्यातलं कोणी गेलं नाही. मी पण गेले नाही. याची मला अजून खंत आहे. म्हणून तुला कळकळीने सांगते, दहा ठिकाणी एकेकदा जाण्यापेक्षा एका ठिकाणी दहा वेळा जा, तुलाही त्यातूनच काहीतरी मिळेल आणि त्यांनाही.

गणपतीत मासुंदा तलावावर निर्माल्य गोळा करायचं काम असतं, ते जरूर कर, बोलायचं कसं ते तिथे कळतं. "पिशवी इथे टाका" म्हटलं की लोक चिडतात, आणि "काका, द्या, हार वेगळे करून खतात जाईल" म्हटलं की तेच लोक स्वतः दोरा न् प्लॅस्टिक काढून देतात. रक्तदान शिबिरातलं काम मात्र मला फारसं शिकवून गेलं नाही, नावनोंदणी आणि बिस्किटं वाटणं एवढंच होतं, पण अठरा पूर्ण झाली असतील आणि वजन, हिमोग्लोबिन नीट असेल तर स्वतः दे.

आता घरच्यांचं. त्यांची काळजी खोटी नाही. माझी आई म्हणायची, घरात इकडची काडी तिकडे करत नाहीस आणि तलावावर जाऊन कचरा उचलतेस. तिचं बरोबर होतं, मला ते झोंबलं आणि त्या वर्षीपासून रविवारची भांडी माझ्याकडे आली. आणि अभ्यासाचं म्हणशील तर सेम थ्रीला (तिसऱ्या सेमिस्टरला) मला एका विषयात केटी लागली, म्हणजे नापास झाले आणि तो पेपर परत द्यावा लागला, कारण एनएसएस, पथनाट्य, कॉलेजचा फेस्टिव्हल असं सगळं एकदम अंगावर घेतलं होतं आणि कोणाला नाही म्हणता येत नव्हतं. केटीला एनएसएस जबाबदार नव्हतं, मी होते. म्हणून फर्स्ट इयरला एनएसएस घेतलंस तर बाकी समित्या सोड. घरी आधीच सांगून ठेव की कोणत्या रविवारी जाणार, किती वाजता परत येणार, आणि त्या वेळेला परत ये, महिनाभरात त्यांचा विरोध निम्मा होईल. आमच्याकडे तर बाबाच नंतर विचारायला लागले की त्या ताईचा निकाल लागला का.

लागला, फर्स्ट क्लास. आता ती नोकरीला आहे, आम्ही अजून बोलतो.

फॉर्म कॉलेज सुरू झाल्यावर लवकरच निघतात, नोटीस बोर्डवर लक्ष ठेव. भरल्यावर पीओंना जाऊन सांग की तुला लेखनिकाचं काम हवंय. परीक्षार्थीने स्वतःचा लेखनिक आणायचा असेल तर तो शिक्षणात एक पायरी खालचा लागायचा, असा केंद्राचा 2018 चा नियम होता, त्यामुळे आमच्या वेळी एफवाय, एसवायच्या मुलांना टीवायवाल्यांसाठी नेहमी मागणी असायची आणि ऐन परीक्षेत तयार होणारे फार थोडे; आता नियम काय आहे ते पीओंनाच विचार. नाव दिलंस तर जिच्यासाठी लिहिणार आहेस तिला परीक्षेच्या आदल्या दिवशी एकदा भेट, तिचा सांगायचा वेग बघ, दोन-तीन पेनं चालवून बघ, आणि सकाळी जी लोकल पुरेशी वाटतेय तिच्या दोन गाड्या आधीची पकड.