करमंना मला इथं

मी विद्यार्थ्यांची समुपदेशक. गौरी-गणपती आटोपले की माझ्याकडे एकच तक्रार वेगवेगळ्या शब्दांत यायला लागते. कुणी म्हणतं बोअर होतंय, कुणी म्हणतं ॲडजस्ट होता येत नाहीये. ही मुलगी परभणीकडची. सॅक मांडीवर तशीच ठेवून खुर्चीच्या टोकाशी बसली आणि म्हणाली, "मॅडम, करमंना मला इथं. सोडून जाऊ का?"

(तिला विचारूनच लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

पुणे विद्यापीठात एम.एस्सी.चं पहिलं वर्ष. वसतिगृहात जागा मिळालेली, म्हणजे पेठेत कॉट बेसिसवर राहणाऱ्या पोरींच्या मानाने नशीबवानच. महालक्ष्म्यांना घरी गेली होती, तिथून परत येताना एसटीत रडली. गणेशखिंडीचा हा परिसर ४११ एकरांचा. बाहेरून येणाऱ्याला त्यातली वडाची झाडं दिसतात. तिला वसतिगृहापासून विभागापर्यंतचा रस्ता तेवढा दिसत होता, आणि त्यावरून घोळक्याने जाणारी माणसं.

मी तिला कालचा दिवस तासातासाने सांगायला लावला. दिवसभरात ती जे बोलली होती ते एका हाताच्या बोटांवर मोजता आलं. हजेरीला "येस सर". अनिकेत कॅन्टीनवर "दादा, एक चहा". रूममेटला "लाइट बंद करू का?" आणि रात्री आईचा फोन. आई रोज विचारायची, "काय भाजी होती गं?" ही सांगायची, "वांगं." दुसऱ्या दिवशी "फ्लॉवर".

खाल्लेला असायचा बिस्किटाचा पुडा.

रिफेक्टरीतली, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीतली, भाजी गोडसर लागते ही तक्रार होतीच (मराठवाड्यातल्या प्रत्येक पोराची असते), पण अडचण भाजीची नव्हती. ताट वाढून घेतल्यावर वळायचं आणि भरलेल्या टेबलांकडे बघत, आता कुठं बसू, असं उभं राहायचं, ते पाच-दहा सेकंद तिला नकोसे व्हायचे. सगळे आपल्याकडेच बघताहेत असं वाटायचं. कुणी बघत नसतं, हे मी तिला सांगितलं नाही. ते तिलाही ठाऊक होतं, ठाऊक असून पाय उचलत नव्हता.

पुढे जाण्याआधी मी काही गोष्टी थेट विचारते. झोप लागते का, अभ्यासात मन लागतं का, जगणं नको वाटतं का. हा शेवटचा प्रश्न विचारल्याने मनात नसलेला विचार येतो अशी पालकांना भीती वाटते. तसं होत नाही. उलट विचार असेल तर सांगायला वाट मिळते. तिच्या मनात तसं काही नव्हतं. गावी गेल्यावर ती पोटभर जेवली होती, चुलत बहिणींबरोबर खिदळली होती. घरी जाऊनही काही गोड लागत नाही, झोप उडालीय, हे दोन-दोन आठवडे हटत नाही, असं असेल तर ते नुसतं न करमणं नव्हे. तिथे मी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवते. आणि रात्री-अपरात्री जीव नकोसा झालाच तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो.

आता माझी चूक. पहिल्याच भेटीत मी तिला एका ट्रेकिंग ग्रुपबरोबर जायला सुचवलं. गेली बिचारी. परत आली ती आणखी मिटून. "मॅडम, ते सगळे आधीच एकमेकांचे होते." पुस्तकी सल्ला होता, अंगाशी आला.

दुसऱ्यांदा मी एवढंच म्हटलं, आईला खरी भाजी सांग. ती तयार होईना. आई रडेल म्हणाली. आठवड्याने सांगितलं आणि आई रडलीच. मग आई म्हणाली, "मला बी वरीसभर करमलं नव्हतं सासरी. बायांसंगं खुरपायला जाया लागले, तवा करमाया लागलं."

तीन बैठकांत मला जे सापडलं नाही ते या बाईने एका वाक्यात सांगितलं. मी मुलीला विचारलं, गावातली तुझी मैत्रीण कशी झाली? "झाली कशाची, ती होतीच की." भिंतीला भिंत, एक शाळा, एकच एसटी. मैत्री करायची वेळच कधी आली नव्हती. आणि ही दोन महिने स्वतःला माणूसघाणी समजत होती!

मग आम्ही खुरपणी शोधली. विद्यापीठात 'कमवा आणि शिका' योजना आहे. पैशाची निकड नव्हती, तरी तिने अर्ज केला. काम मिळालं बागेत. सोबत दोघी, एक नंदुरबारची, एक गडचिरोलीची. हात कामात असले की बोललंच पाहिजे असं नसतं. पहिले काही दिवस "तुमच्याकडं पाऊस झाला का?" यापुढे गाडी गेली नाही. जयकर ग्रंथालयात रोज त्याच वेळी, त्याच टेबलाशी बसायचं ठरवलं. आणि रिफेक्टरी उघडल्या उघडल्या जायचं, टेबलं रिकामी असताना. मग जागा शोधायची पाळी येते दुसऱ्यांवर, तेच येऊन विचारतात, इथं कुणी आहे का?

सोडून जायचं का, हा निर्णय पहिलं सत्र संपेपर्यंत बाजूला ठेवला. परत जाण्यात लाज नाही, हेही सांगितलं होतं.

सेमिनारमध्ये ती अजून बोलत नाही. इंग्रजीचा धसका आहे, त्याला वेळ लागेल. जानेवारीत आली ती हातात डबा घेऊन. आईने धपाटे दिले होते. उघडला तर आत अर्धा धपाटा आणि ठेच्याचा डाग.

"तुमच्यासाठी चार ठेवले होते मॅडम. पोरींनी राहूच दिले नाहीत."