रील कुठूनही घ्या, पण शिसं, गळ आणि तंगूस बंदरावरच्या दुकानातूनच

तुमचा प्रश्न असा आहे, की मासे गरवायची ४००० साइझची स्पिनिंग रील, म्हणजे रॉडवर बसणारी दोरी गुंडाळायची चक्री, ऑनलाइन बरीच स्वस्त मिळतेय, रत्नागिरीतल्या दुकानात तीच महाग पडते, मग दुकानदाराला धरून राहणं म्हणजे नुसत्या भावनेपोटी जास्त पैसे मोजणं आहे का? रीलपुरतं बोलायचं तर ती ऑनलाइन घ्या, खुशाल घ्या. त्याने दुकान बंद पडणार नाही, कारण दुकान रीलवर चालतच नाही. काचेच्या कपाटातली भारी रील म्हणजे दुकानदाराचा अडकलेला पैसा. त्याचा गल्ला भरतो तो शिशावर (दोरी तळाला नेणाऱ्या वजनावर), गळांवर, स्विव्हलवर (दोरीला पीळ पडू न देणाऱ्या फिरत्या कडीवर) आणि तंगूसवर, म्हणजे नायलॉनच्या दोरीवर. आपण मात्र रीलच्या दोन पैशांवर खल करतो आणि हा किरकोळ माल ‘कॉम्बो पॅक’ म्हणून कार्टमध्ये टाकून मोकळे होतो. दुकानं मरतात ती तिथे, आणि नेमका तोच माल ऑनलाइन घेण्यात आपलंही नुकसान आहे.

शिशापासून सुरू करतो. रत्नागिरीजवळ भाट्याला काजळी नदी समुद्राला मिळते तिथे उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, ओहोटीला पाणी असं ओढतं की हलकं शिसं तळाला टिकतच नाही. त्याच जागी सप्तमी-अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असताना, खूपच कमी वजनात काम होतं. वाळूत पकड घेणारं शिसं वेगळं, खडकात टाकायचं वेगळं. खडकात तर ते अडकणारच, म्हणून ते मुख्य दोरीपेक्षा कच्च्या तंगूसवर बांधायचं, म्हणजे तुटलं तर तेवढंच तुटतं. थोडक्यात शिसं हा हरवण्याचा माल. तो वजनावर, स्वस्तात आणि हाताशी मिळायला हवा. किलोभर शिसं कुरिअरने मागवून बघा, वाहतुकीचा खर्च मालाच्या गळ्याशी येतो. शिवाय तुमच्या रॉडवर किती ग्रॅमपर्यंत टाकता येईल ते लिहिलेलं असतं. ४० ते ८० ग्रॅमच्या रॉडवर कुणी १५० ग्रॅम मागितलं, तर चांगला दुकानदार देण्याआधी विचारतोच की रॉड कुठला आहे.

गळांचं तसंच. १०, ८, ६ असा आकडा उतरतो तसा गळ मोठा होत जातो आणि १ च्या पुढे १/०, २/० असा आकडा चढतो तसा मोठा होतो. त्यातही एका कंपनीचा २/० दुसरीच्या २/० एवढा असेलच असं नाही. मुडदुशीला बारीक, लांब दांड्याचा गळ लागतो. तांबोशीला जाड तारेचा लागतो, कारण ती लागली की सरळ खडकाच्या कपारीत घुसते आणि बारीक तारेचा गळ उलगडतो. हे फोटोत कळत नाही. गळ चिमटीत धरून, नखावर टोक टेकवून बघावं लागतं. नखावरून घसरला तर धार नाही, तिथल्या तिथे दुसरा मागायचा.

दोरीबद्दल जरा जास्तच काळजी घ्या. स्वस्त ब्रेडच्या, म्हणजे विणलेल्या दोरीच्या, डबीवर ०.२० मिलीमीटर छापलेलं असतं आणि हातात येते ती त्याहून बरीच जाड. जाड दोरी वारा धरते, लांब जात नाही, रीलच्या स्पूलवर, म्हणजे दोरी गुंडाळली जाते त्या भागावर, कमी मावते. दुकानात ओळखीच्या दोरीशेजारी धरली की फरक बोटांना कळतो. तंगूस घेताना उलटी काळजी दुकानात घ्यायची: दाराशी उन्हात टांगलेलं रीळ घेऊ नका, आतलं मागा, कारण उन्हाने नायलॉन कमजोर होतं. आणि लीडर, म्हणजे गळाजवळचा दोरीचा शेवटचा तुकडा, बारीक घेण्याचा मोह टाळा. आपल्या खाड्यांतले खडक कालवांनी भरलेले असतात आणि जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी चालते. जिताडा लागून सुटला की लोक गाठीला दोष देतात, पण लीडरचं तुटलेलं टोक बघा, बहुतेक वेळा ते घासलेलं किंवा कापलेलं असतं.

ऑनलाइन कुठे बरं पडतं? ज्या वस्तूचा मॉडेल नंबर तुम्हाला पाठ आहे आणि जी गावात कुणी ठेवत नाही तिथे. ठरावीक रंगाचे ल्युअर (खोटं आमिष), जिगिंगचे, म्हणजे जड ल्युअर पाण्यात वरखाली झटकत गरवण्याचे, असिस्ट हुक, रीलचा सुटा स्पूल. एका छोट्या बंदरातल्या दुकानदाराने रापालासारख्या ल्युअर कंपनीची सगळी रंगसंगती भरून ठेवावी ही अपेक्षाच चूक आहे. पुणे-नाशिककडे धरणांवर जाणाऱ्या मंडळींना तर बऱ्याचदा पर्यायच नसतो. फक्त नावाजलेल्या कंपनीचा ल्युअर निम्म्याहून कमी किमतीत दिसला तर तो नकली समजा. शरीर ठीक असतं, पण तीन टोकांचे ट्रेबल हुक आणि रिंग पहिल्या मोठ्या माशाला सरळ होतात. परदेशातून थेट आलेल्या रीलला इथल्या वितरकाची वॉरंटी बहुधा लागू होत नाही, म्हणून विक्रेता कोण, बिल कुणाच्या नावाचं, हे आधी वाचा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार वस्तू कुठल्या देशात बनली आणि तक्रार अधिकारी कोण, हे दाखवणं बंधनकारक आहे. काही बिनसलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

लांब रॉड मात्र शक्यतो दुकानातूनच. वाटेत टोक मोडणं किंवा गाइडच्या, म्हणजे रॉडवर दोरी ओवायच्या रिंगच्या, आतल्या सिरॅमिक कड्याला बारीक तडा जाणं नेहमीचं आहे. तो तडा डोळ्यांना दिसत नाही, पण ब्रेड खाऊन टाकतो. कड्यातून कापूस फिरवून बघा, धागा अडकला तर तडा आहे.

मला खरी काळजी वाटते ती आपली नाही. रत्नागिरीच्या मिरकरवाड्यासारख्या बंदरांवरची दुकानं आपल्यासारख्या हौशी लोकांसाठी उघडलेली नाहीत. छोट्या होडीतून गरवून पोट भरणारा माणूस तिथूनच गळ आणि तंगूस नेतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्र बंद असतो, त्यानंतर हंगामाची तयारी करताना हातात रोकड नसते आणि ओळखीचा दुकानदार माल उधारीवर देतो. असं खातं कुठलंही ॲप उघडून देत नाही. आपली हौसेची खरेदी त्या गल्ल्यात पडली तर पावसाळ्याच्या मंदीत ते दुकान तग धरतं, म्हणून मी हे एवढं आग्रहाने सांगतोय.

प्रत्येक दुकान टिकावं असं मात्र माझं म्हणणं नाही. नकली माल असली म्हणून विकणारा, बिल मागितलं की तोंड फिरवणारा दुकानदार तुमच्या गावचा असला तरी त्याच्याकडे जाऊ नका.

आणि एक विनंती. दुकानात अर्धा तास रील फिरवून, ड्रॅग (मासा ओढताना दोरी सोडणारा ब्रेक) तपासून, सल्ला घेऊन मग बाहेर येऊन ऑर्डर करू नका. तो वेळ त्या माणसाच्या पोटापाण्याचा आहे. ऑनलाइनच घ्यायची ठरली असेल तर रील घेऊन उघडपणे जा. ब्रेड त्याच्याकडून घ्या, खाली थोडं तंगूस भरून वर ताणून गुंडाळून द्यायला सांगा आणि त्या कामाचे पैसे विचारून द्या. सैल भरलेली ब्रेड मासा ओढायला लागला की आतल्या थरांत रुतते, त्यामुळे हे काम घरी घाईत करू नका. पावसाळ्याआधी तेलपाणी आणि लाइन रोलरची (दोरी ज्यावरून फिरते त्या रीलवरच्या छोट्या चाकाची) तपासणी तिथेच करून घ्या. ऑनलाइनची किंमत सांगून काही कमी होतंय का, हेही सरळ विचारा. बरेच जण रीलवर सूट देत नाहीत, पण दोरी भरण्याचे पैसे सोडतात, आणि मग फरक तुम्हाला वाटतोय तेवढा उरत नाही.