कुटुंब, आपलेपणा आणि आनंद याबद्दल खरंच काही शिकवणारी कादंबरी कोणती?

माझ्यासाठी 'ॲन ऑफ ग्रीन गेबल्स'. लुसी मॉड मॉन्टगोमेरीची, १९०८ सालची, कॅनडातल्या प्रिन्स एडवर्ड बेटावर घडते. मॅथ्यू आणि मरिला हे लग्न न केलेले, वय झालेले भाऊबहीण शेतावर मदतीला अनाथ मुलगा मागवतात आणि निरोपाच्या घोळात येते ११ वर्षांची ॲन, आणि आपण इथे नको आहोत हे तिला कळतं तो प्रसंग वाचताना आजही गळा दाटून येतो. घर रक्ताच्या नात्यानेच होतं असं नाही हे मला तिथे पटलं. मरिला प्रेम बोलून दाखवत नाही, पण पोरीला वळण लावायला झटत राहते, आणि मॅथ्यू तर बायकांशी बोलायलाही बुजणारा, तरी तिच्या मनातला फुग्यांच्या बाह्यांचा ड्रेस तोच शिवून घेतो, किती साधी गोष्ट पण ॲनच्या डोळ्यात पाणी येतं! पुढे मॅथ्यू वारतो, मरिलाची नजर अधू होत चाललेली, ती घर विकायला निघते, तेव्हा ॲन कॉलेजची स्कॉलरशिप सोडून तिच्याजवळ राहते. लोक याला त्याग म्हणतात, मला नाही वाटत तसं, तिने ते अगदी खुशीने केलंय.