बाह्यवळण रस्ता आणि पांढरीचे टेकाड: पुरातत्त्वीय पाहणी केव्हा व कशी होते?

आपला प्रश्न असा आहे: मोहोळ तालुक्यातील आपल्या गावाबाहेरून राष्ट्रीय महामार्गाचा बाह्यवळण रस्ता जाणार आहे. मोजणीचे खुंट पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या पांढुरक्या मातीच्या, टेकाडाला लागून रोवले गेले आहेत, आणि दर नांगरटीला तेथे खापरे व शंखाच्या बांगड्यांचे तुकडे वर येतात. अशा जागेची पुरातत्त्वीय पाहणी सरकार काम सुरू होण्यापूर्वी आपणहून करते का? बहुतेक वेळा करत नाही. म्हणूनच आपण आत्ताच हालचाल करावी, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

1958 च्या प्राचीन स्मारक कायद्यात 2010 साली झालेल्या दुरुस्तीनुसार केंद्र-संरक्षित स्मारकाभोवतीचे 100 मीटर क्षेत्र प्रतिबंधित असून त्यापुढील 200 मीटर विनियमित, म्हणजे परवानगीनेच बांधकाम करता येण्याजोगे, आहे. सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याला हे कवच आहे. आपल्या टेकाडाचे नाव कोणत्याही यादीत नसेल, तर रस्त्याच्या कागदपत्रांत ते केवळ एक गट क्रमांक ठरते. पर्यावरण मंजुरी लागणाऱ्या प्रकल्पांच्या अहवालात ऐतिहासिक स्थळांचा रकाना असतो खरा, पण तो अनेकदा संरक्षित स्मारकांची यादी पाहूनच भरला जातो. भीमा-सीना खोऱ्यात ही पद्धत फारच तोकडी पडते. सीना जेथे भीमेला मिळते त्या हत्तरसंग-कुडलला 1018 सालचा मराठी शिलालेख आहे, आणि तेथील हरिहरेश्वर मंदिराचा मोठा भाग अगदी अलीकडच्या दशकांपर्यंत मातीखालीच होता.

नीट पाहणी कशी होते, ते सांगतो. आधी गॅझेटियर (जिल्ह्याची माहिती देणारा सरकारी ग्रंथ), सर्वेक्षण विभागाचे नकाशे, गावनकाशे आणि उपग्रहचित्रे यांवरून आखणीच्या दोन्ही बाजूंचा पट्टा तपासतात. मग माणसे ठरावीक अंतर ठेवून एका रांगेत शेतातून चालतात आणि जे दिसेल त्याची स्थाननोंद करतात. आपल्याकडे या चालण्याला पर्याय नाही, कारण काळ्या चिकण मातीत भू-भेदी रडारच्या (न खणता जमिनीखालचे टिपणाऱ्या यंत्राच्या) लहरी फार खोल जात नाहीत आणि बेसाल्ट खडकामुळे चुंबकीय मापनेही गोंधळतात. हंगामही महत्त्वाचा असतो. उभ्या ज्वारीत काही दिसत नाही आणि उन्हाळ्यात बारीक वस्तू भेगांत जातात. नांगरटीनंतर एखादा पाऊस पडून गेला की धुतलेली खापरे स्पष्ट दिसतात. खापराची कड पाहावी. ती धारदार असेल तर ते नुकतेच खालच्या थरातून नांगराने वर आले असण्याचा संभव अधिक. घासून गोल झाली असेल तर ते बराच काळ उघड्यावर असावे किंवा पाण्याबरोबर दुसरीकडून आले असावे. जवळच्या विहिरीच्या किंवा ओढ्याच्या कापात राखेचे पट्टे आणि चोपलेल्या जमिनीचे थर दिसले, तर वस्ती तेथेच होती, असे बऱ्याच खात्रीने म्हणता येते.

सर्वांत मोठे नुकसान मात्र पुष्कळदा रस्त्याच्या पट्ट्याबाहेर होते. भरावासाठी माती आणि मुरूम लागतो, आणि पड टेकाड ठेकेदाराला सोयीचे असते. रस्ता बाजूने गेला तरी टेकाड भरावात जाऊ शकते. त्यामुळे मुरूम-मातीच्या खाणी, खडी क्रशर आणि कामगारांचा तळ या सर्व जागा पाहणीत धरल्या पाहिजेत, असा आग्रह लेखी धरा. वेशीजवळचे वीरगळ, सतीशिळा, गधेगाळ (दान मोडणाऱ्याला शाप देणारे कोरीव दगड) आणि शेंदराखाली अक्षरे झाकलेले कन्नड शिलालेख रुंदीकरणात असेच हलवले जातात. दगड एक वेळ जपला जातो, पण तो मुळात कोठे उभा होता याची नोंद राहत नाही.

आता वेळेविषयी. राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाच्या कलम 3अ ची, म्हणजे जमीन घेण्याचा इरादा जाहीर करणारी, अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून 21 दिवसांत हितसंबंधित व्यक्तीला हरकत घेता येते; कलम 3ड च्या घोषणेनंतर जमीन केंद्र सरकारच्या मालकीची होते आणि आखणी बदलणे फार कठीण जाते. त्यामुळे टेकाड ज्यांच्या गटात आहे त्यांच्या सहीने हरकत द्या, सोबत ग्रामसभेचा ठराव जोडा आणि प्रती जिल्हाधिकारी व राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे पाठवा. गट क्रमांक, अक्षांश-रेखांश आणि शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेली छायाचित्रे त्यात हवीत. सोलापूर विद्यापीठातील पुरातत्त्व विषयाच्या प्राध्यापकांना किंवा पुण्याच्या डेक्कन कॉलेजला प्रत्यक्ष जागा पाहण्याची विनंती करा; तज्ज्ञाचे एक पानी टिपण गावकऱ्यांच्या दहा अर्जांपेक्षा अधिक वजनदार ठरते.

स्वतः खणू नका आणि खापरे गोळा करून घरीही नेऊ नका, कारण जागेवरून उचललेल्या खापराचा पुरावा म्हणून उपयोग फार कमी उरतो. नाणी किंवा मौल्यवान वस्तू सापडल्यास 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची लेखी माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. टेकाड वाचवून रस्ता नेणे शक्यच नसेल, तर भराव टाकण्यापूर्वी बचाव उत्खनन (जागा नष्ट होण्याआधी पुरावा नोंदवण्यासाठीचे उत्खनन) करावे आणि त्याचा खर्च व कालावधी प्रकल्प अहवालातच धरावा, ही मागणी त्याच अर्जात नोंदवा. निविदा निघाल्यानंतर ती मान्य होण्याची शक्यता फार कमी राहते.