सोमवार सकाळचा रिपोर्ट

मेलबर्नहून एका वाचक भगिनीचं चार पानी पत्र आलंय. सुरुवातीला "मावशी, ख्रिस्तात सलाम" आणि शेवटी चार प्रश्न, आकडे घालून. मास्तरणीची लेक दिसतेस. पण बाळा, तीन प्रश्नांना मी आज दोन-दोन ओळीच देणार आहे, कारण जी गोष्ट मला पत्रात दिसली ती तू प्रश्न म्हणून विचारलेलीच नाहीस.

तू लिहितेस: "दीड वर्षापूर्वी यांनी कबूल केलं की रोज रात्री पॉर्न बघतात. पाळकसाहेबांनी आम्हा दोघांना बसवून प्रार्थना केली आणि फोनवर, लॅपटॉपवर एक अ‍ॅप घालायला सांगितलं. यांनी काय काय उघडलं त्याचा रिपोर्ट दर सोमवारी मला येतो. ट्रॅममध्ये बसले की मी आधी तो उघडते. हात गार पडतात."

हात गार पडतात. दीड वर्ष झालं, म्हणजे पंच्याहत्तर-ऐंशी सोमवार. आणि हे तू सहज लिहून पुढे गेलीस, मुलाच्या टॅबकडे!

माझे वडील, आम्ही अण्णा म्हणायचो, नगरला शाळामास्तर होते. रविवारी देवळात पेटी वाजवायचे आणि सोमवार ते शनिवार प्यायचे. आई कपाटातल्या बाटलीवर पेन्सिलने रेघ मारायची, लेबलाच्या अगदी कडेला, कुणाला दिसू नये इतकी बारीक. संध्याकाळी शाळेतून आली की पदर खोचायच्या आधी रेघ बघायची. अण्णांना ती रेघ पहिल्याच आठवड्यात सापडली. मग ते प्यायले तेवढं पाणी ओतून ठेवायला लागले. आईला रंगावरून कळायचं. ती रेघ दुसरीकडे मारायची. अकरा वर्षं हा खेळ चालला आमच्या घरात. दारू घोटभरही कमी झाली नाही. आईची झोप मात्र गेली, ती कायमचीच.

तुझा रिपोर्ट म्हणजे ती रेघ आहे. आणि तुझ्या नवऱ्यालाही पाणी ओतता येतं. तूच लिहिलंयस की मार्चमध्ये ऑफिसच्या बॅगेत जुना फोन सापडला.

रागावू नकोस, पण हा पहारा तू सोडायचा आहेस. आज. अ‍ॅप राहू दे हवं तर, नवं वळण लागेपर्यंत दाराला कडी असलेली बरी. पण रिपोर्ट तुझ्याकडे येता कामा नये. ज्याच्या वागण्याने तुझं काळीज फाटलं, त्याचं राखणही तूच करायचं, हा कुठला न्याय? शिवाय त्याने खरं सांगितलं की तू रडणार, हे त्याला आधीच ठाऊक. मग तो सांगेल कशाला?

शास्त्रात बघ ना. दाविद राजाने उरीयाच्या बायकोच्या, बथशेबेच्या बाबतीत जे केलं ते कितीतरी महिने झाकून ठेवलं, उरीयाचा जीव घेऊन झाकलं. तेव्हा देवाने त्याच्याकडे कुणाला पाठवलं? नाथान संदेष्ट्याला. बथशेबेला नाही पाठवलं, की जा बाई, त्याच्या गच्चीवर लक्ष ठेव. नाथान आला, बसला, गरिबाच्या मेंढीची गोष्ट सांगितली, आणि मग तोंडावर म्हणाला, तो माणूस तूच. दाविदाच्या पश्चात्तापाचं एकावन्नावं स्तोत्र त्यानंतरचं आहे. आपल्या मंडळ्यांत ते स्तोत्र सगळ्यांना पाठ, आणि नाथान कुणालाच व्हायचं नसतं.

अण्णांचा नाथान म्हणजे दवाखान्यातले एक निवृत्त कंपाउंडर. ते स्वतः पिऊन सोडलेले. रोज संध्याकाळी दोघं भिंगारच्या रस्त्याने चालत जायचे. काय बोलायचे ते आम्हाला कधी कळलं नाही. अण्णा त्यानंतर दोनदा घसरले, दोन्ही वेळा आधी त्यांच्याकडे गेले, मग घरी आले. आईला हे शेवटपर्यंत लागलं. "मला नाही सांगितलं, त्या माणसाला सांगितलं," असं ती माझ्या लग्नानंतरसुद्धा म्हणायची. तुलाही लागेल. लागू दे.

पातकं एकमेकांजवळ कबूल करा म्हणजे बरे व्हाल, हे याकोबाच्या पत्रात पाचव्या अध्यायात आहे. देवाजवळ आहेच, पण माणसाजवळही. १९३५ मध्ये अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही पिणारे, समोरासमोर बसले आणि त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना उभी राहिली. दोघंही एका ख्रिस्ती गटातून आलेले होते. त्यांच्या बारा पायऱ्यांतली पाचवी हीच आहे: देवापाशी, स्वतःपाशी आणि आणखी एका माणसापाशी कबुली. त्याच धर्तीवर पॉर्नसकट सगळ्या सवयींसाठी सेलिब्रेट रिकव्हरी नावाचे गट १९९१ पासून चर्चमधून चालतात, कॅलिफोर्नियात सुरू झाले. तिथे पुरुषांची बैठक वेगळी, बायकांची वेगळी. असा एखादा गट शोधा, पण आपल्या मराठी मंडळीत नको. तिथे पाळकसाहेबांच्या मिसेस तुझ्या आत्याच्या वर्गात होत्या असं निघतं, आणि पुढच्या प्रार्थनासभेत "एका कुटुंबासाठी विशेष विनंती" होते. तीस वर्षं पाहतेय. इंग्रजी चर्चचा गट बघा, जिथे नगर कुठे आहे हे कुणाला माहीत नाही.

आता तुझा प्रश्न क्रमांक एक. "समुपदेशक बाई म्हणाल्या, यात चुकीचं काही नाही, तुमच्या धर्मामुळे अपराधी वाटतं. पाळकसाहेब म्हणाले, हे सैतानाचं बंधन आहे. मी कुणाचं ऐकू?"

दोघांचंही अर्धं अर्धं. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत अनावर लैंगिक वर्तनाचा विकार आहे. तो दारू-जुगाराच्या रांगेत नाही, आवेग आवरता न येण्याच्या विकारांत आहे. सहा महिने किंवा जास्त काळ, काम, संसार, तब्येत यांचं नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, तेव्हा तो विकार. नुसती पापाची टोचणी असेल तर तेवढ्यावर निदान करू नये, असंही तिथे स्पष्ट म्हटलंय. जोशुआ ग्रब्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या अभ्यासात दिसलंय की देवभीरू माणसं तेवढंच बघूनही स्वतःला जास्त व्यसनी समजतात. तेव्हा त्या बाईंचं म्हणणं अगदीच वाऱ्यावरचं नाही. पण तुझा नवरा पहाटे तीनपर्यंत जागतो, दोनदा मीटिंग चुकली, बँकेतून पैसे गेले. हे काही नुसतं अपराधी वाटणं नव्हे. समुपदेशक बदला. त्याची श्रद्धा न हिणवता त्याची रात्र तपासणारा माणूस हवा. जीपीकडून, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडून, मेंटल हेल्थ प्लॅन घ्या, मेडिकेअरमधून, म्हणजे सरकारी आरोग्य विम्यातून, वर्षाला दहा बैठकींचे पैसे काही प्रमाणात परत मिळतात. तुझा प्लॅन वेगळा काढ, त्याच्या बैठकीत तू शेपटासारखी जाऊ नकोस.

चांगला समुपदेशक पहिल्यांदा वही लिहायला लावतो. किती वाजता, कुठल्या खोलीत, त्याआधी काय झालं. मग शिकवतो की तलफ ही लाट आहे, चढते तशी उतरते. तिच्याशी कुस्ती खेळायची नाही आणि तिचा हुकूमही मानायचा नाही. उठायचं, फोन स्वयंपाकघरात ठेवायचा, नाथानाला लँडलाइनवरून फोन लावायचा.

त्या वहीत काय निघेल याचा मला अंदाज आहे, कारण तिसऱ्या पानावर तू एक ओळ लिहून खोडली आहेस, पण वाचता येते: "सासूबाई गेल्या तेव्हापासून हे वाढलं." पुढे लिहितेस, एप्रिल २०२१ मध्ये त्या गेल्या, सीमा बंद, यांनी दफनविधी रात्री अभ्यासिकेत फोनवर पाहिला, मध्येच नेटवर्क गेलं आणि माती द्यायच्या वेळी पडद्यावर गोल फिरत राहिलं. त्या दिवसांत भारतात गेलेल्यांना ऑस्ट्रेलियात परत येणं किती मुश्कील होतं ते तुम्हाला सांगायला नको, मे महिन्यात तर भारतातून येणाऱ्या आपल्याच नागरिकांनाही ऑस्ट्रेलियाने काही दिवस दारं लावली होती. तोच माणूस, तीच खोली, तीच वेळ. अगं, तुझ्या सोमवारच्या रिपोर्टात हे कुठल्या रकान्यात येतं?

म्हणून तो दोषमुक्त होत नाही. खोटं बोलला, पैसे उडवले, ते त्याने स्वतःच्या तोंडाने तुला सांगायचं, आणि पुढेही पैसा किंवा प्रत्यक्ष बाई मध्ये आली तर त्याच दिवशी सांगायचं. एवढा हक्क तुझा. (लहान मुलांचं काही दिसलं तर मात्र मावशी नको, पोलीस.) बाकी कुठली साइट, किती मिनिटं, हे तुला कळून उपयोग नाही.

आणि "मी कमी पडले का, म्हणून जिम लावली," हे काय? डोळा पापात पाडत असेल तर उपटून टाक, हे येशूने बघणाऱ्याला सांगितलंय. त्याच्या बायकोला जिम लावायला नाही सांगितलं. तुझ्या पाठीसाठी जात असशील तर जा.

प्रश्न दोन, अकरा वर्षांच्या मुलाचा टॅब. रात्री सगळ्यांचे फोन-टॅब स्वयंपाकघरात, बापासकट, तुझ्यासकट. आणि त्याच्याशी बापाने बोलावं, गाडी चालवताना, म्हणजे एकमेकांकडे बघावं लागत नाही.

प्रश्न तीन, पुण्याच्या नणंदेला सांगायचं का. नाही.

प्रश्न चार. "नाताळात नगरला जाऊ म्हटलं तर हे नको म्हणतात, घर आता रिकामं आहे म्हणतात." जा. कबरस्तानात त्याला एकट्याला आत जाऊ दे, तू मुलाला घेऊन फाटकापाशी थांब, कितीही वेळ लागला तरी हाक मारू नकोस. आणि तिकिटं आत्ताच काढ, ऑक्टोबरनंतर हात लावता येत नाही.